मोहाच्या क्षणी आधार कोणाचा?

१७७३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे आपल्या संपत्तीचा जाब देताना रॉबर्ट क्लाइव्हने काढलेले उद्गार पुढे फार प्रसिद्ध झाले. प्लासीच्या विजयानंतर मुर्शिदाबादचा खजिना त्याच्यापुढे उघडला गेला होता. दोन्ही बाजूंना सोन्याचे आणि रत्नांचे ढीग होते आणि मधून चालणारा विजेता एकटा होता. नव्या नवाबाकडून त्याने सुमारे २ लाख ३४ हजार पौंड स्वीकारले. पुढे वर्षाला २७ हजार पौंड उत्पन्नाची जहागीरही मिळवली. इतके पदरात पाडून घेतल्यावर, आपण याहून अधिक का घेतले नाही, या स्वतःच्या संयमाचेच आपल्याला आश्चर्य वाटते, अशा अर्थाचे उत्तर त्याने समितीला दिले. इतिहासकारांनी या उत्तराची थट्टा केली आहे आणि ती अस्थानी नाही. परंतु हा माणूस खोटे बोलत होता असे समजण्याचे कारण नाही. त्याला खरोखरच आश्चर्य वाटले असावे. मोह किती मोठा होता हे ठरवणारा तोच, आपण किती आवरले हे मोजणारा तोच आणि निकाल देणाराही तोच. जेथे वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच आसनावर बसतात, तेथे आरोपी संयमी ठरला नाही तरच नवल.

याच क्लाइव्हने १७५८ मध्ये हुगळीच्या काठी कलकत्त्याच्या नव्या फोर्ट विल्यमची उभारणी सुरू केली. आज तेथे भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे आणि २०२४ च्या अखेरीस त्या किल्ल्याचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ असे करण्यात आले आहे. हे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या, शिवकाळात मराठी आरमाराचे ठाणे असलेल्या विजयदुर्गावरून आले, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा म्हटला पाहिजे. कारण १७४२ मध्ये बारगीरांच्या भयाने कलकत्तेकरांनी शहराभोवती जो खंदक खणायला घेतला, त्याचे नावच ‘मराठा खंदक’ असे पडले होते. ज्या शहराने मराठ्यांना अडवण्यासाठी माती उपसली, त्याच शहरात पुढे अर्धशतकाने मराठी भाषेचे अध्यापन सुरू झाले आणि मराठी गद्याची पहिली छापील पुस्तके त्याच परिसरातून बाहेर पडली. या ग्रंथांचा विचार मराठी वाङ्मयेतिहासात नेहमी भाषेच्या आणि मुद्रणाच्या अंगाने होतो. त्यांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न होता, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

तो प्रश्न मोहाचाच होता. १८०० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना केली तेव्हा लिहिलेल्या विस्तृत टिपणात त्याने एक चिंता मांडली होती. कंपनीच्या नोकरीत येणारी मुले सोळा ते अठरा वर्षांची असतात; शिक्षण अर्धवट, घर हजारो मैल दूर, हाताशी अकल्पित सत्ता. अशी मुले आळस, कर्ज आणि व्यसने यांत बुडतात आणि तशाच स्थितीत न्यायाधीश किंवा कलेक्टर होतात, हे त्याचे निरीक्षण होते. उपाय म्हणून त्याने त्यांना तीन वर्षे भाषा, कायदा आणि इतिहास शिकवण्याची योजना आखली आणि त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवण्यासाठी डेव्हिड ब्राउन आणि क्लॉडियस ब्यूकॅनन या दोन पाद्रींना प्रमुख आणि उपप्रमुख नेमले. नाव फोर्ट विल्यमचे असले तरी वर्ग किल्ल्यात नव्हे, रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत. वेलस्ली काही भक्त नव्हता. तरुणाच्या स्वतःच्या निश्चयावर विसंबणे धोक्याचे आहे, एवढे त्या व्यवहारी राज्यकर्त्याला कळले होते. त्या निश्चयाच्या जागी त्याने ईश्वर ठेवला नाही, संस्था ठेवली. संस्थेने काय साधले? भाषा उत्तम शिकवल्या. विद्यार्थ्यांच्या कर्जबाजारीपणाची तक्रार मात्र कॉलेजच्या काळातही उरलीच. १८५४ मध्ये कॉलेज बंद झाले.

या कॉलेजात १८०१ साली विल्यम कॅरी बंगालीचा शिक्षक म्हणून आला. इंग्लंडमध्ये जोडे शिवणारा हा माणूस बॅप्टिस्ट मिशनरी होता. कंपनीच्या मुलुखात मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून त्याचे बिऱ्हाड डॅनिश अमलाखालच्या सेरामपूरला होते आणि तेथून तो नावेने कलकत्त्याला येत असे. बंगालीबरोबर तो संस्कृत आणि मराठीही शिकवू लागला. पगार दरमहा पाचशे रुपये. १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळाल्यावर तो हजार झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तिचा बहुतांश कॅरी मिशनच्या सामाईक पेटीत टाकत असे. १८०५ मध्ये सेरामपूरच्या मंडळींनी जो आपसातला करार केला, त्यात कोणीही खाजगी मिळकत करू नये, सर्वांची कमाई एकत्र असावी, असे ठरले होते. ईश्वरावर सर्वस्वी भिस्त ठेवणारी ही माणसे पैशाच्या बाबतीत परस्परांवर, किंबहुना स्वतःवरही, विसंबून राहायला तयार नव्हती, ही गोष्ट फार बोलकी आहे. ‘देव आम्हांला लोभापासून राखील’ असे म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या खिशात पैसे राहू दिले नाहीत. त्यांनी खिसाच शिवून टाकला.

योगायोगाने त्याच १८०५ साली कॅरीचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. या मराठी कामात त्याचा मुख्य आधार होता कॉलेजातला मराठीचा पंडित वैजनाथ शर्मा. १८१० मध्ये मोडी लिपीचे ठसे वापरून मराठी कोशही निघाला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आहे आणि त्या प्रार्थनेच्या शेवटाकडे जी विनवणी येते, तीच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. भक्त येथे ‘मला मोह जिंकण्याचे बळ दे’ असे मागत नाही; मोहापर्यंत मला नेऊच नकोस, असे मागतो. हे मागणे शूराचे नाही. आपण हरू, हे आधीच ओळखलेल्या माणसाचे ते आहे.

या विनवणीतल्या मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ होतात : कसोटी आणि भुरळ. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत आज ‘परीक्षा’ हा शब्द रूढ आहे. ‘मोह’ हा शब्द हाताशी असता ‘परीक्षा’ घेतल्याने काय साधले आणि काय निसटले? ‘मोह’ म्हटले की मराठी मनापुढे भ्रम उभा राहतो. मोह ही आतली गोष्ट आहे. तो ज्ञानाने फिटतो, विवेकाने ओसरतो. ‘परीक्षा’ बाहेरून येते, तिला घेणारा कोणीतरी असतो आणि तीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होणे असते. ‘परीक्षा’ म्हटल्यावर दोष घेणाऱ्याकडे जाण्याची सोय होते, ‘मोह’ म्हटल्यावर तो भोगणाऱ्याकडे येतो. ही अडचण एकट्या मराठीची नाही. देवच माणसाला भुरळ घालतो असा भास होतो, म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली इटालियन पाठाविषयी असमाधान व्यक्त केले. फ्रेंच पाठ त्याच वर्षी बदलला गेला आणि इटालियन पाठ २०२० मध्ये. मोहाच्या स्वाधीन होऊ देऊ नकोस, असा नव्या शब्दांचा रोख आहे. ईश्वराच्या नावावरचा डाग त्याने पुसला गेला हे खरे; पण आपल्याला कसोटीच नको म्हणणाऱ्या भित्र्या, प्रांजळ माणसाचा आवाजही त्याबरोबर थोडा क्षीण झाला, असे म्हणावेसे वाटते.

कॅरीच्या पाठीशी असलेल्या वैजनाथ पंडिताने पुढे त्याच कॉलेजसाठी ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही पुस्तके मराठीत आणली. एकाच माणसाच्या लेखणीखालून, दहा-बारा वर्षांच्या अवधीत, मोहाविषयीच्या दोन परस्परविरुद्ध शिकवणी मराठी गद्यात आल्या. शुभवर्तमान सांगते, स्वतःवर विसंबू नकोस. हितोपदेश सांगतो, दुसऱ्या कोणावर विसंबू नकोस, बुद्धी वापर. कंपनीच्या पोरांना वाचायला यांतला दुसरा ग्रंथ दिला गेला, कारण तो नीतीचा आणि व्यवहाराचा ग्रंथ होता.

आणि तरीही त्या ग्रंथातली मोहाची सर्वांत प्रसिद्ध कथा पाहावी. म्हातारा वाघ स्नान करून, हाती दर्भ घेऊन तळ्याकाठी बसला आहे आणि सोन्याचे कडे दान देतो म्हणून वाटसरूला बोलावतो आहे. वाटसरू लोभी आहे, पण मूर्ख नाही. तो विचार करतो. वाघाचा विश्वास धरावा काय, हा प्रश्न त्याला पडतो; वाघाला तो आडवे प्रश्नही विचारतो. मग साहसावाचून लाभ नाही, असे एक तत्त्व त्याची बुद्धीच त्याला पुरवते. तो तळ्यात उतरतो, चिखलात रुततो आणि वाघ सावकाश जवळ येतो. कथेचा उघड उपदेश असा की लोभ धरू नये. परंतु तिच्यातला खरा दारुण भाग हा की वाटसरूजवळ बुद्धीची उणीव नव्हतीच. बुद्धी होती आणि ती आधीच कड्याच्या बाजूने फिरली होती. मोहाच्या क्षणी माणसाजवळचे सर्वांत मोठे शस्त्र नेमके शत्रूच्या हाती जाते. ‘स्वतःवर विसंबावे’ असे म्हणताना ज्या ‘स्व’वर विसंबायचे, त्याची ही फितुरी हिशेबात धरलेली नसते. ईश्वराचा आधार मागणाऱ्याची बाजू कोणती असेल तर ती ही. तो आळशी असतो म्हणून आधार मागतो असे नाही. आपल्या किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला जातो, हे त्याने पाहिलेले असते.

अर्थात त्याच कथेत आणखी एक काटा दडलेला आहे. वाघाच्या हाती दर्भ आहे. तो धर्माची भाषा बोलतो, पूर्वीच्या पापांचा पश्चात्ताप सांगतो. म्हणजे मोह येतो तो बहुधा देवाचेच नाव घेऊन येतो. याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

भारतीय परंपरेने हा प्रश्न एका बाजूने सोडवलेला नाही, ही तिची प्रामाणिकता म्हटली पाहिजे. गीतेचा सहावा अध्याय माणसाने स्वतःचा उद्धार स्वतःच करावा असे सांगतो. अठरावा सर्व सोडून शरण यायला सांगतो. दुसरा अध्याय या दोहोंच्या मधली जागा दाखवतो : उपवास करणाऱ्याचे विषय सुटतात, पण गोडी सुटत नाही, ती जाते ते परतत्त्वाचे दर्शन झाल्यावर. स्वतःच्या बळावर माणूस हात आवरू शकतो, जीभ आवरू शकतो. चव आवरू शकत नाही. विश्वामित्राच्या कथेचे तात्पर्य याहून वेगळे नाही. तपाचे बळ त्याच्याइतके कोणाजवळ होते? पण ते बळ त्याचे स्वतःचे होते, आणि मेनकेपुढे तो उभा राहिला तो एकटाच.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी याच प्रश्नावर दोन पंथ केले. वडकलै म्हणतात, भक्ताने माकडाच्या पिलासारखे असावे. आई उड्या मारते, पण तिला घट्ट धरून राहण्याचे काम पिलाचे. तेनकलै म्हणतात, मांजरीच्या पिलासारखे असावे. आई मानगूट धरून उचलील तेथे जावे. हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यम आणि सेरामपूर यांच्या मधोमध म्हणावे अशा दक्षिणेश्वरी रामकृष्ण परमहंसही आपल्या शिष्यांना हाच दृष्टान्त सांगत आणि त्यांचा कल मांजरीच्या पिलाकडे असे. दृष्टान्त गोड आहे. मात्र मोहाच्या प्रसंगी तो थोडा फसवा ठरतो. मांजरीचे पिलू आईला हाक मारते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ध्यानातून निसटते. ते निपचित नसते. ते ओरडते. महाराष्ट्रातले कीर्तनकार द्रौपदीवस्त्रहरण सांगताना याच बिंदूवर थांबतात : जोवर ती एका हाताने पदर धरून दुसऱ्या हाताने देवाला बोलावते तोवर वस्त्र सुटत राहते, दोन्ही हात वर जातात तेव्हा ते संपेनासे होते. गजेंद्राचेही तसेच. नक्राशी झुंजून त्याचे बळ सरते आणि मग सोंडेत कमळ उरते. या दोन्ही कथांत प्रयत्न आधी आला आहे. शरणागती प्रयत्नाच्या जागी आलेली नसून त्याच्या टोकाशी आली आहे.

तुकारामांचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वांत जवळचे. परंपरा त्यांच्या आयुष्यातले दोन मोहप्रसंग आवर्जून सांगते. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तात आलेली स्त्री हा एक, आणि शिवाजीमहाराजांनी पाठवलेला मानसन्मानाचा सरंजाम हा दुसरा. महिपतीने अठराव्या शतकात ही चरित्रे लिहिली ती भक्तीच्या रंगाने, म्हणून त्यांतला तपशील इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. पण अभंगांतून जो माणूस दिसतो तो या कथांहून अधिक विलक्षण आहे. तो कोठेही आपल्या वैराग्याची फुशारकी मारत नाही. उलट आपले मन आवरत नाही, इंद्रिये ओढून नेतात, देवाने मध्ये पडावे, असे तो पुन्हा पुन्हा, कधी चिडून, कधी भीक मागून सांगतो. आणि त्याच वेळी, दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर, वडिलोपार्जित सावकारीच्या खतांची वाटणी करून आपल्या वाट्याची खते तो इंद्रायणीत बुडवतो, अशी परंपरेची साक्ष आहे. सेरामपूरच्या सामाईक पेटीची येथे आठवण व्हावी. देवावर भार टाकणाऱ्याने खते पेटीत ठेवून ‘वसुलीचा मोह होऊ देऊ नकोस’ अशी प्रार्थना केली नाही. कागद पाण्यात गेल्यावर वसुलीचा प्रश्न उरला नाही. शरणागती म्हणजे निष्क्रियता, हा आक्षेप येथे गळून पडतो. शरणागताने केलेली कृती एकच असते, पण ती परतीचा रस्ता तोडणारी असते. रामदासांनी दासबोधात प्रयत्नाचा जो कैवार घेतला आहे तो तुकारामांच्या विरुद्ध उभा करण्याची एक सवय मराठी टीकेला फार वर्षे लागली होती. मोहाच्या प्रश्नापुरती तरी ही विभागणी टिकत नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी हाच वाद रोमच्या जगात पेटला होता. देवाने जे करायला सांगितले ते करण्याचे बळही देवानेच द्यावे, अशा अर्थाचे ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनातले वाक्य ऐकून पेलाजियस संतापला. अशाने माणसावर कसलीच जबाबदारी राहणार नाही, हे त्याचे म्हणणे. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची मते त्याज्य ठरवली. चर्चने निकाल दिला तरी पेलाजियसचा प्रश्न मेला नाही आणि तो मरूही नये. देवावर भार टाकणाऱ्या प्रत्येक माणसाशेजारी एक पेलाजियस उभा असावा.

कारण भार टाकण्यातही भुरळ असते. वैजनाथ पंडिताच्या हाताखालून गेलेल्या त्याच मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो की, खाली उडी टाक, देवाचे दूत तुला झेलतील, शास्त्रात तसे लिहिले आहे. भाकरी आणि राज्य यांच्या मोहाहून हा मोह निराळ्या जातीचा आहे. येथे आमिष म्हणून सोन्याचे कडे नाही. ईश्वरावरचा विश्वास हेच आमिष आहे. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे त्याचे उत्तर. ईश्वर सांभाळील म्हणून कड्याच्या टोकावर जाऊन उभे राहणारा ईश्वरावर विसंबत नसतो. तो त्याला कामाला लावत असतो. सहाव्या अध्यायातली ती भित्री प्रार्थना आणि चौथ्या अध्यायातला हा नकार एकत्र वाचले पाहिजेत.

फोर्ट विल्यमच्या वर्तुळातच या गोष्टीची एक दुःखद साक्ष आहे. रामराम बसू हा बंगाली मुन्शी १७८७ पासून डॉक्टर जॉन थॉमसकडे आणि १७९३ पासून कॅरीकडे होता. प्रभूवाचून पाप्याला कोण तारणार, या आशयाचे बंगालीतले आरंभीचे ख्रिस्ती गीत त्याने रचले. बाप्तिस्मा मात्र त्याने कधीच घेतला नाही. १७९६ मध्ये व्यभिचाराच्या आरोपावरून कॅरीला त्याला कामावरून दूर करावे लागले. ही हकीकत मिशनऱ्यांच्या लेखणीतून येते, म्हणजे ती एका बाजूची साक्ष आहे, हे विसरता कामा नये. तिच्यावरून त्या माणसाचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पुढे कॅरीनेच त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात आणले. कॅरीला पाचशे रुपये होते, रामरामला चाळीस. आपला पगार सामाईक पेटीत टाकण्याचे पुण्य चाळीस रुपयेवाल्याला कितपत परवडते, हाही नीतीचाच प्रश्न आहे आणि भक्तिपर लेखनात तो सहसा विचारला जात नाही. पण गीताचा प्रश्न राहतोच. ईश्वरच तारतो हे सत्य सुंदर शब्दांत सांगता येणे आणि त्या सत्याच्या आधाराने उभे राहणे यांत किती अंतर असू शकते! साहित्याच्या अभ्यासकाने हे अंतर विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्याचा सगळा व्यवसाय सुंदर शब्दांशी आहे.

याच रामराम बसूने १८०१ मध्ये ‘राजा प्रतापादित्य चरित्र’ लिहिले आणि वैजनाथ पंडिताचा मराठी ग्रंथ आहे तो याच जेसोरच्या राजाच्या चरित्राचा. प्रतापादित्याने सत्तेच्या लोभाने आपला चुलता वसंतराय याला मारले. बंगालमध्ये रूढ असलेली दंतकथा अशी की राजाची आराध्यदेवता यशोरेश्वरी त्याच्या दुष्कृत्यांमुळे विमुख झाली आणि तिची मूर्ती पाठ फिरवून उभी राहिली. राजाची भक्ती कमी नव्हती. देवीवर त्याचा भरवसा शेवटपर्यंत होता. पण त्याला ती हवी होती राज्य राखायला. चुलत्यावर उगारलेला हात आवरायला त्याने तिला बोलावले नव्हते. मोहाच्या क्षणी न आठवलेला देव संकटाच्या क्षणी आठवतो, हे त्या पाठमोऱ्या मूर्तीचे म्हणणे असावे.

विसाव्या शतकात या प्रश्नाला सर्वांत तीव्र रूप आले ते गांधीजींच्या आयुष्यात. आत्मकथेतले एक प्रकरण, ज्याचे नाव त्यांनी सूरदासांच्या नावावरच्या पदावरून घेतले, १८९० सालच्या पोर्टस्मथमधल्या प्रसंगाचे आहे. शाकाहाऱ्यांच्या परिषदेसाठी गेलेला तरुण गांधी एका घरी पत्ते खेळता खेळता घसरणीच्या काठाशी आला; सोबत्याने वेळीच शब्द टाकला आणि तो तेथून अक्षरशः पळाला. आपण वाचलो ते ईश्वराने वाचवले, हा त्यांचा निष्कर्ष. येथे ईश्वराचे साहाय्य कोणत्या रूपाने आले ते पाहण्यासारखे आहे : सोबत्याचे एक वाक्य आणि स्वतःचे पाय. चमत्कार काहीच नाही. पळून जाण्यात लाज वाटली नाही, एवढाच काय तो चमत्कार.

छप्पन्न वर्षांनी त्याच माणसाने नोआखालीत, दंगलीने होरपळलेल्या बंगालमध्ये, आपल्या ब्रह्मचर्याची कसोटी स्वतःहून मांडली. ईश्वरावरची श्रद्धा हाच तिचाही आधार होता. पण आता तो परीक्षेपासून पळत नव्हता. तीत चालत जात होता. त्यांचे त्या वेळचे सचिव, कलकत्त्याचे मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांना हे पटले नाही. या प्रयोगाचा इतरांच्या मनावर काय परिणाम होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता आणि १९४७ च्या मार्चमध्ये ते सोडून गेले. ‘विवेक आणि साधना’ या ग्रंथाचे लेखक केदारनाथजी हेही त्याच सुमारास बिहारमध्ये गांधीजींना भेटून याबाबत वाद घालून आले. कोकणात जन्मलेला हा मराठी साधक शरणागतीपेक्षा विवेकावर भर देणारा. गांधीजींच्या हेतूविषयी त्याला संशय नव्हता, मार्गाविषयी होता. या मतभेदाचा निकाल लावणे सोपे नाही. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पोर्टस्मथच्या प्रसंगात जोखीम एकाच्या आत्म्याची होती. नोआखालीत ती इतरांचीही झाली, आणि ईश्वरावर आपला भार टाकणाऱ्याला दुसऱ्याचा भार परस्पर ईश्वरावर टाकता येतो काय, हा बोसांचा प्रश्न होता. त्यांनी १९५३ मध्ये त्या दिवसांवर पुस्तक लिहिले, त्यात गांधीजींविषयीचा आदर कोठेही उणावलेला नाही, आणि प्रश्नही मागे घेतलेला नाही.

कॅरी ९ जून १८३४ रोजी सेरामपूरला वारला. त्याच्या मृत्युपत्रात त्याने सेरामपूरच्या इमारतींवर आणि जागेवर आपला कसलाही हक्क नसल्याचे स्पष्ट नमूद केले होते. जेबेझ या मुलाला पंधराशे रुपये द्यायचे होते. ते ग्रंथसंग्रहाच्या विक्रीतून द्यावेत, अशी व्यवस्था त्यात होती. आपल्या थडग्यावर काय कोरावे, हेही त्याच कागदात लिहिले होते : नाव, जन्माची आणि मृत्यूची तारीख, आणि आयझॅक वॉट्सच्या एका स्तोत्रातल्या दोन ओळी. व्याकरणे, कोश आणि भाषांतरे यांचा त्यांत उल्लेख नाही. त्या ओळी केवळ स्वतःच्या असहायतेच्या आणि ईश्वराच्या आधाराच्या आहेत. हक्कसोड, पुस्तकांची विक्री आणि त्या दोन ओळी एकाच मृत्युपत्रात, एकाच हाताने लिहिलेल्या आहेत.